डोळ्यांतील तांबडी गांठ



मनुष्याच्या शरीराला सुरीची धार न लावतां त्याच्या जिवंत रक्तवाहिन्या उघड्या पाहावयाच्या असतील, तर त्यासाठीं सृष्टिकर्त्यानें एकच खिडकी ठेविली आहे, आणि ती म्हणजे डोळ्याची बाहुली. ह्या खिडकीच्या आंत डोकावण्याची युक्ति १८५१ सालीं हर्मान फॉन हेल्महोल्ट्स ह्या जर्मन शास्त्रज्ञानें प्रसिद्ध केली. डोळ्यांत प्रकाश टाकून त्याच वाटेनें परत येणारा प्रकाश पाहावयाचा, एवढेंच त्या उपकरणाचें तत्त्व; परंतु तोंपर्यंत जो वैद्यांना नुसता काळा ठिपका वाटत होता, त्याच्यामागें तांबूस पडदा आणि त्यावर वडाच्या फांद्यांप्रमाणें पसरलेल्या शिरा एकाएकीं दिसूं लागल्या. ह्या लेखांत ज्या रोगाची हकीकत सांगावयाची आहे, तो प्रथम ह्याच खिडकींतून दिसला. त्याचें नांव फॉन हिप्पेल-लिंडाऊ रोग. नांव लांबलचक आहे खरें, पण त्यांत दोन माणसें व एक चांगली गोष्ट दडलेली आहे, म्हणून तें पाठ करण्याचे श्रम फुकट जाणार नाहींत.

हेल्महोल्ट्स आपलें उपकरण तयार करीत असतांना केनिग्सबर्ग येथें अध्यापक होता. त्याच नगरांत १८६७ सालीं ऑयगेन फॉन हिप्पेल ह्याचा जन्म झाला. बाप नेत्रवैद्य, आणि मुलानेंही तोच मार्ग धरिला. १९०४ सालीं त्यानें दृष्टिपटलाच्या एका अत्यंत दुर्मिळ विकाराविषयीं निबंध लिहिला. त्याच्या रोग्यांच्या डोळ्यांत तांबड्या गोळीसारखी एक गांठ दिसत होती. तिच्याकडे जाणारी एक शीर व तिच्यापासून परत येणारी दुसरी शीर अशा दोन्ही शिरा नेहमींपेक्षां कितीतरी जाड होऊन नागमोडी वळणें घेत चालल्या होत्या. पावसाळ्यांत ओढा फुगावा तशा त्या फुगलेल्या. अशा गांठींतून पाझरणारा द्रव पडद्याखालीं सांचतो, पडदा आपल्या जागेवरून सुटतो, आणि दृष्टि जाते. १९११ सालीं फॉन हिप्पेल ह्यानें ह्या विकाराची शारीर रचना तपासून ती गांठ रक्तवाहिन्यांच्याच वाढीची असल्याचें दाखविलें. न्यायबुद्धीनें हेंही सांगितलें पाहिजे कीं, त्याच्या दहा वर्षें आधीं, १८९४ सालीं, ट्रीचर कॉलिन्स ह्या इंग्रज नेत्रवैद्यानें दोघां भावंडांच्या डोळ्यांत अशाच गांठी पाहून त्यांची नोंद केली होती. दोघां भावंडांच्या, हे शब्द ध्यानांत ठेवावे. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

पुढचें पाऊल नेत्रवैद्यानें टाकलें नाहीं. स्वीडन देशांत लुंड येथें आर्व्हिड लिंडाऊ नांवाचा विकृतिशास्त्रज्ञ होता. रोगानें मेलेल्या माणसांचे अवयव तपासून रोगाचें कारण शोधणें हा त्याचा व्यवसाय. लहान मेंदूंत कधीं कधीं पाण्यानें भरलेल्या पिशव्या आढळतात, त्यांचा त्यानें अभ्यास आरंभिला. त्याला असें दिसून आलें कीं, पुष्कळ पिशव्यांच्या भिंतीला आंतून एक लहानशी तांबडी गांठ चिकटलेली असते, आणि तिची रचना फॉन हिप्पेल ह्यानें वर्णिलेल्या डोळ्यांतील गांठीसारखीच असते. त्याच रोग्यांपैकीं कांहींच्या मूत्रपिंडांत व स्वादुपिंडांतही पिशव्या सांपडल्या. १९२६ सालीं त्यानें लिहिलें कीं, हे निरनिराळे रोग नसून एकाच रोगाचीं हीं निरनिराळीं ठिकाणें होत. मला स्वतःला ह्या माणसाचें कौतुक वाटतें. डोळ्याचा वैद्य डोळा पाहतो, मेंदूचा वैद्य मेंदू पाहतो. परंतु आपल्या कामाच्या कुंपणावरून शेजाऱ्याच्या शेतांत पाहणारा विरळा. पुढें अमेरिकेंतील प्रख्यात शस्त्रवैद्य हार्वे कुशिंग ह्यानें लिंडाऊचें हें काम उचलून धरिलें, आणि १९६४ सालीं मेल्मन व रोझेन ह्या दोघां डॉक्टरांनीं एका मोठ्या कुटुंबाचा अभ्यास करून दोन्ही नांवें जोडलेला हा रोग कसा ओळखावा ह्याचे नियम घालून दिले.

आतां ह्या गांठी करतात काय, तें पाहूं. डोळ्यांतील व मेंदूंतील गांठ ही कर्करोगाची गांठ नव्हे. ती शरीरभर पसरत नाहीं. तरी तिचें भय कमी नाहीं, कारण मेंदू हा हाडांच्या पेटींत बंद केलेला अवयव आहे. पोटांत गांठ वाढली तर पोट पुढें येतें. कवटीला पुढें येतां येत नाहीं. गांठ स्वतः हरभऱ्याएवढी असेल, परंतु तिच्यांतून पाझरणाऱ्या पाण्याची पिशवी लिंबाएवढी होते आणि शेजारच्या भागाला दाबते. लहान मेंदू डोक्याच्या मागील बाजूस असतो, आणि चालतांना तोल सांभाळणें, हात नेमका पाहिजे तेथें नेणें, हीं कामें त्याच्याकडे आहेत. म्हणून रोग्याची चाल दारूड्यासारखी झोंकांड्या खाऊं लागते, दोऱ्यांत सुई ओंवावी तसा त्याचा हात चुकतो, सकाळीं उठतांच डोकें ठणकतें, व उलटी होते. (वरच्या वाक्यांत मीं सुई आणि दोरा ह्यांची अदलाबदल केली आहे, चाणाक्ष विद्यार्थ्यांनीं ती पकडली असेलच. रोग्याच्या हाताचें असेंच होतें.) शस्त्रवैद्यानें नुसतें पाणी काढून घेतलें तर पिशवी पुन्हां भरते; भिंतीवरची ती चिमुकली गांठ काढली तरच काम संपतें. अशाच गांठी मज्जारज्जूंतही होतात, आणि मग हातापायांना बधिरता येते.

दुसऱ्या अवयवांचें थोडक्यांत सांगतों. मूत्रपिंडांत मात्र खराखुरा कर्करोग होऊं शकतो, आणि ह्या रोग्यांचे प्राण जाण्याचें तें एक मुख्य कारण आहे. मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथि आहे. तींत गांठ झाली म्हणजे रक्ताचा दाब एकदम चढतो, छाती धडधडते, घाम सुटतो. ही गांठ माहीत नसतां शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण झालें तर जिवावर बेतूं शकतें. कानाच्या आंतल्या भागांतील एका लहान पिशवींत गांठ होऊन ऐकूं येणें बंद झाल्याचींही उदाहरणें आहेत. एकाच माणसाला हें सर्व होतें असें मात्र समजूं नये. कोणाला आयुष्यांत डोळ्यांत एकच गांठ होते, तर कोणाला पांच वेळां मेंदूवर शस्त्र लावून घ्यावें लागतें. आणि हे दोघे सख्खे भाऊ असूं शकतात.

हा विषय मीं निवडला ह्याला एक कारण घडलें आहे, आणि तें लपविणें बरें नव्हे. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या नववीच्या वर्गांत एक मुलगा होता. फळ्याकडे पाहतांना तो मान वांकडी करून पाही. हें शेजारच्या मुलाच्या वहींत डोकावण्याचें लक्षण आहे अशी माझी समजूत झाली, आणि मीं त्याला दोनदां सर्वांदेखत बोललों व एकदां बांकावर उभें केलें. त्यानें कांहींही उत्तर दिलें नाहीं. सहामाही परीक्षेंत भूमितीच्या आकृत्या त्यानें अशा काढल्या कीं मला शंका आली, आणि त्याच्या आईस बोलावून डोळे दाखविण्यास सांगितलें. चष्मा लागेल, ह्यापलीकडे माझी कल्पना गेली नव्हती. डॉक्टरांनीं बाहुलीत औषधाचे थेंब घालून आंत पाहिलें, आणि बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. डाव्या डोळ्याचा पडदा बहुतेक सुटलेला होता. उजव्या डोळ्यांत दोन तांबड्या गोळ्या होत्या, अगदीं लहान. डॉक्टरांनीं आईला विचारलें, "ह्याच्या वडिलांना कशानें देवाज्ञा झाली?" तिनें सांगितलें, डोक्यांत पाणी होऊन, चौतिसाव्या वर्षीं. वडिलांच्या बहिणीचें एक मूत्रपिंड काढलेलें होतें. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशीं कांहीं संबंध असेल असें त्या घरांत कोणाच्या स्वप्नांतही आलें नव्हतें. लिंडाऊनें तो संबंध १९२६ सालीं लावला होता.

आतां कॉलिन्सच्या त्या दोघां भावंडांकडे वळूं. "खाण तशी माती" असें आपण म्हणतों, परंतु खाणींतून मातींत नेमकें काय जातें व कोणत्या हिशेबानें जातें, हें एका ख्रिस्ती मठवाशानें प्रथम मोजून पाहिलें. ग्रेगोर मेंडेल हा ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठांत राहत होता. मठाच्या बागेंत त्यानें वाटाण्याचीं रोपें वर्षानुवर्षें लाविलीं, त्यांचे दाणे मोजले, आणि १८६६ सालीं आपले नियम छापले. जगानें त्यांकडे १९०० सालापर्यंत लक्ष दिलें नाहीं. आपणांपैकीं प्रत्येकाजवळ बहुतेक प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. मूल जन्मास घालतांना आईबाप प्रत्येकीं त्या दोहोंतील एकच प्रत देतात. फॉन हिप्पेल-लिंडाऊ रोगाचें जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. तें १९९३ सालीं सांपडलें. ज्या आईची किंवा बापाची एक प्रत बिघडलेली आहे, त्याच्या प्रत्येक मुलाला ती बिघडलेली प्रत येण्याचा संभव बरोबर निम्मा असतो. मुलगा व मुलगी असा भेद येथें नाहीं.

येथें एक चूक पुष्कळांकडून होते, म्हणून थोडें थांबतों. चार मुलें असलीं तर दोघांना रोग होणार व दोघे सुटणार, असा ह्याचा अर्थ नव्हे. पैसा चार वेळां उडवून पाहा. दर वेळीं दोन छापे व दोन कांटे पडतात काय? प्रत्येक मुलाच्या वेळीं पैसा नव्यानें उडतो, आणि मागें काय पडलें होतें हें त्याला आठवत नाहीं. म्हणून "थोरल्याला झाला, आतां धाकटा सुटला" असें समाधान मानणारी आई फसते. आणि "थोरला सुटला, म्हणजे धाकट्याच्या कपाळीं आलें" असें म्हणणारीही तितकीच फसते. दुसरी गोष्ट अशी कीं, ज्याला बिघडलेली प्रत आलीच नाहीं, तो ती आपल्या मुलांना देऊंच शकत नाहीं. त्याच्यापुरती ती वाट कायमची बंद झाली. आणखी असें कीं, शंभर रोग्यांपैकीं सुमारे वीस जणांच्या आईबापांत रोगाचा मागमूसही नसतो. त्यांच्यांत तो बिघाड नव्यानेंच उत्पन्न झालेला असतो. सुमारे छत्तीस हजार जन्मांमागें एक, असें ह्या रोगाचें प्रमाण सांगतात.

पण शरीरांतील प्रत्येक पेशींत ती बिघडलेली प्रत असतां गांठी मात्र चारदोन ठिकाणींच कां होतात? ह्याचें उत्तर आल्फ्रेड नुडसन ह्या अमेरिकन डॉक्टरानें १९७१ सालीं, लहान मुलांच्या डोळ्यांतील एका वेगळ्याच कर्करोगाचा विचार करतांना, शोधून काढलें. कल्पना करा कीं, एका वाड्याला दोन रखवालदार आहेत. एक झोंपला तरी दुसरा जागा आहे, तोंवर चोरी होत नाहीं. सामान्य माणसाच्या पेशीला असे दोन रखवालदार जन्मतः मिळतात. एकाच पेशींतले दोघेही नाहींसे होणें हा फारच मोठा योगायोग. ह्या रोगाच्या माणसाला प्रत्येक पेशीमागें एकच रखवालदार मिळालेला असतो. वाडे असंख्य, आयुष्य लांब. कोठें ना कोठें, कधीं ना कधीं, तो एकटा रखवालदार पडतोच, आणि त्या एका पेशीपासून गांठ वाढूं लागते. म्हणूनच डोळ्यांतील गांठ सरासरीनें पंचविशीच्या सुमारास दिसते, लहान मेंदूंतील त्यानंतर कांहीं वर्षांनीं, आणि पासष्ट वर्षांचें वय होईपर्यंत शेंकडा नव्वदांहून अधिक लोकांत रोग कोणत्या ना कोणत्या रूपानें प्रगट झालेला असतो.

हा रखवालदार करतो काय, हा ह्या सर्व हकीकतींतील अत्यंत सुरस भाग आहे, आणि तो कळण्यास माणसांना फार वाट पाहावी लागली. आपल्या पेशींना प्राणवायु लागतो. उंच डोंगरावर प्राणवायु विरळ झाला म्हणजे पेशींत एक निरोप्या जागा होतो. तो हांक मारतो: नव्या रक्तवाहिन्या करा, रक्तांतील तांबड्या पेशी वाढवा, आमचा श्वास कोंडत आहे! हा निरोप्या म्हणजे एक प्रथिनच होय. प्राणवायु भरपूर असतांनाही तो पेशींत सारखा तयार होत असतो, पण त्याची हांक निघण्यापूर्वींच त्याची वासलात लावली जाते. कशी? प्राणवायु स्वतःच त्याच्यावर एक खूण करतो. ती खूण पाहून आपल्या रोगाच्या जनुकाचें प्रथिन त्याला पकडतें व मोडीत काढण्यास पाठवितें. प्राणवायु नसला तर खूण पडत नाहीं, आणि निरोप्या सुटतो. किती सोपी व किती नेमकी योजना! आतां तो पकडणाराच नाहींसा झाला तर काय होईल? मोकळ्या हवेंत बसूनही पेशी अहोरात्र ओरडत राहील कीं, मी गुदमरत आहें. शरीर बिचारें तिचें ऐकून रक्तवाहिन्यांवर रक्तवाहिन्या पाठवीत राहील. फॉन हिप्पेल ह्याला जी तांबडी गोळी दिसली आणि तिच्या दोन्ही बाजूंस ज्या फुगलेल्या शिरा दिसल्या, त्या ह्या खोट्या हांकेचें फळ होत्या.

ही यंत्रणा उलगडल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ व ग्रेग सेमेन्झा ह्या तिघांना २०१९ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें. ह्यांपैकीं केलिन ह्यांनीं सुरुवात केली होती ती ह्याच दुर्मिळ रोगापासून. छत्तीस हजारांत एकाला होणाऱ्या रोगावर कोणी आयुष्य कां घालवावें, असा प्रश्न व्यवहारी माणसें विचारतात. पण त्या एकाच्या दुखण्यांतून सर्वांच्या श्वासाचा नियम हातीं लागला. रशियांत व्होल्गा नदीच्या कांठीं चुवाश नांवाचे लोक आहेत. त्यांच्यांतील कांहीं कुटुंबांत ह्याच जनुकाच्या दोन्ही प्रती किंचित अधू असतात. त्यांना ह्या रोगाच्या गांठी होत नाहींत. पण तांबड्या पेशी इतक्या वाढतात कीं रक्त दाट होतें व गुठळ्यांची भीति उत्पन्न होते. बिघाड थोडा निराळा, आणि परिणाम किती निराळा!

जनुकाचे असे बिघाड कुटुंबांबरोबर प्रवास करतात. जर्मनींतील श्वार्त्सवाल्ड, म्हणजे काळें अरण्य, ह्या डोंगराळ मुलुखांतील अनेक कुटुंबांत एकच विशिष्ट बिघाड आढळतो, आणि तोच बिघाड अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया प्रांतांत वसलेल्या जर्मन वंशाच्या कुटुंबांतही आढळला. कोणा एका पूर्वजानें नकळत तो आपल्याबरोबर समुद्रापार नेला. अमेरिकेंतील दुसरी एक गोष्ट वर्तमानपत्रांना फार आवडली. केंटकी व वेस्ट व्हर्जिनिया प्रांतांच्या सीमेवर एकोणिसाव्या शतकांत मकॉय व हॅटफील्ड ह्या दोन घराण्यांत मोठें वैर चाललें होतें. मकॉय घराण्याच्या कांहीं वंशजांत हा रोग असल्याचें २००७ सालीं प्रसिद्ध झालें. त्यावरून असा तर्क निघाला कीं, अधिवृक्क ग्रंथींतील गांठींमुळें तें घराणें इतकें रागीट झालें असावें. मला हा तर्क मुळींच पटत नाहीं. हॅटफील्डांच्या ग्रंथींविषयीं कोणीं कांहीं सांगितलेलें नाहीं, आणि बंदुका तर दोन्ही बाजूंनीं उडत होत्या.

ह्यावरून अधिक गंभीर गोष्टीकडे येतों. घरांत असा रोग निघाला म्हणजे पहिला प्रश्न औषधाचा नसतो; पाप कोणाचें, हा असतो. सासू सुनेकडे पाहते, सून सासरच्या कुळाकडे पाहते. कोणी पूर्वजन्माचें नांव घेतो, कोणी बापाच्या व्यसनाचें. आपण ख्रिस्ती माणसें ह्यांतून सुटलों आहों असें कोणीं समजूं नये. जन्मांध मनुष्याला पाहून प्रभूच्या शिष्यांनीं हाच प्रश्न विचारला होता, आणि प्रभूनें दोष त्या मनुष्यावरही ठेविला नाहीं व त्याच्या आईबापांवरही ठेविला नाहीं, हें योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायांत आहे. तो अध्याय मीं वर्गांत कित्येकदां शिकविला. तरीही मान वांकडी करणाऱ्या मुलाला पाहून मीं प्रथम त्याचा अपराधच शोधला.

आतां उपायांविषयीं. बिघडलेली प्रत दुरुस्त करणारें औषध नाहीं. परंतु गांठी लहान असतांनाच सांपडल्या तर पुष्कळ कांहीं करतां येतें, आणि त्यासाठीं त्यांची वाट न पाहतां त्यांना शोधीत जावें लागतें. ज्या मुलाला ही प्रत आलेली आहे, त्याचे डोळे पहिल्या वर्षापासूनच दरवर्षीं बाहुली मोठी करून तपासावे, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. पांचव्या वर्षाच्या सुमारास अधिवृक्क ग्रंथीसाठीं रक्ताची तपासणी सुरू होते. अकराव्या वर्षाच्या सुमारास मेंदू व पाठीचा कणा ह्यांचें एम्. आर्. आय्. चित्र आणि कानांची परीक्षा, पंधराव्या वर्षापासून पोटाचें तसेंच चित्र, हीं दर दोन वर्षांनीं. डोळ्यांतील लहान गांठ लेसर किरणांनीं किंवा अतिशीत शलाकेनें जाळून टाकतां येते. मूत्रपिंडांतील गांठ तीन सेंटिमीटरांपर्यंत वाढेतों बहुधा पसरत नाहीं, म्हणून तोंवर तिच्यावर नजर ठेवून मग तेवढीच गांठ काढतात व मूत्रपिंड वांचवितात. २०२१ सालीं अमेरिकेंत बेल्झुटिफान नांवाच्या गोळीला मान्यता मिळाली. सुटलेल्या त्या निरोप्याचें तोंड बंद करणें हें तिचें काम. एकसष्ट रोग्यांवर झालेल्या प्रयोगांत सुमारे निम्म्यांच्या मूत्रपिंडांतील गांठी चांगल्याच आकसल्या. आतां विद्यार्थ्यांना एक प्रश्न घालतों: ह्या गोळीनें कोणता त्रास होत असेल? वरील मजकूर लक्ष देऊन वाचला असेल तर उत्तर तुमच्याजवळ आहे. तो निरोप्या तांबड्या पेशी वाढविण्यास सांगत असे. त्याचें तोंड बंद केल्यावर रक्त कमी होतें, म्हणजे पंडुरोग होतो. गरोदर स्त्रीला ही गोळी देतां येत नाहीं, कारण गर्भाला ती घातक आहे.

पालकांनीं एवढ्यावरून भिऊन जाऊं नये. मुलाचें डोकें दुखलें म्हणजे हाच रोग, असें नाहीं. शंभरांत शंभर वेळां म्हटलें तरी चालेल, तें जागरण, ऊन, उपास किंवा चष्मा असतें. परंतु ज्या घरांत कोणी तरुणपणीं मेंदूच्या गांठीनें गेलें, कोणाचा डोळा कारण न कळतां गेला, कोणाचें मूत्रपिंड चाळिशींत काढावें लागलें, त्या घरानें ह्या गोष्टी एका कागदावर लिहून डॉक्टरांपुढें ठेवाव्या. आपल्याकडे सोयरीक जमवितांना सात पिढ्यांचीं नांवें सांगतात, पण एकही माणूस कशानें मेला हें कोणी सांगत नाहीं.

त्या मुलाच्या उजव्या डोळ्यांतील दोन्ही गांठी लेसरनें जाळल्या. डाव्या डोळ्यानें त्याला उजेड व सावली एवढेंच कळतें. तो दहावी झाला, पुढें शिकत आहे, आणि दरवर्षीं तपासणीस जातो. परंतु त्याला एक धाकटी बहीण होती, आमच्याच शाळेंत, सहावींत. मुलाच्या रक्तांत जनुकाचा बिघाड नेमका कोणता हें ठरलें होतें, म्हणून बहिणीचें थोडेंसें रक्त घेतलें असतें तर तिचें काय तें निश्चित कळलें असतें. बिघाड नसता तर तिला पुढें एकही तपासणी नको होती. असता तर तिचे दोन्ही डोळे वांचविण्यास अजून वेळ होता. आई तयार होईना. ती माझ्या घरीं आली आणि म्हणाली, "मास्तर, मुलाचें झालें तें झालें. मुलीचें कागदावर आलें तर तिला कोण करून घेईल?" माझी पत्नी तेथेंच होती, तिनें चहा पुढें ठेविला, आणि कितीतरी वेळ कोणीच बोललें नाहीं. शेवटीं मीं म्हटलें, "बाई, कागदावर न आलें म्हणून तें डोळ्यांतून जात नाहीं." हें वाक्य बोलल्याबरोबर मला वाटलें कीं मीं फार कठोरपणें बोललों. ती उठून गेली.

पुढें तीन महिने ती शाळेंत आली नाहीं. नाताळच्या सुटीनंतर एके दिवशीं मुलगाच बहिणीला घेऊन माझ्याकडे आला. त्याला रजेचा अर्ज पाहिजे होता, दोघांचा, दोन दिवसांचा. कारणाच्या जागीं त्यानें लिहिलें होतें: तपासणी. आई फाटकाबाहेर उभी होती. मीं अर्जावर सही केली, आणि मुलीला विचारलें, भीति वाटते काय? ती म्हणाली, "दादा म्हणाला, सुई मुंगीसारखी चावते."

त्या तपासणीचा निकाल मला माहीत आहे. तो मीं येथें लिहीत नाहीं. तो तिचा आहे, आणि कोणाला सांगावयाचा तें तीच ठरवील.